अनुकूली मॉड्युलेशन आणि सिरियल पोर्ट : एका सोयीस्कर फाळणीची चिकित्सा

बिनतारी डेटा रेडिओ कार्यान्वित करताना मॉड्युलेशन एका पानावर ठरवले जाते आणि सिरियल पोर्ट दुसऱ्या. आपल्या अध्यापनातही हीच फाळणी दिसते. मॉड्युलेशन अंकीय दळणवळणाच्या विषयात शिकवले जाते, सिरियल पोर्ट मायक्रोप्रोसेसरच्या. दोहोंची गाठ घालून देणारा तास सहसा वेळापत्रकात नसतो. प्रत्यक्षात त्यांचा निकाल एकत्रच लागतो. ही फाळणी निरुपद्रवी नाही, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

अनुकूली मॉड्युलेशनचे तत्त्व सुबोध आहे. संकेत सबळ असता 64-क्यूएएम वापरून प्रत्येक प्रतीकात 6 बिट भरावयाचे. तो क्षीण होताच 16-क्यूएएमचे 4 किंवा क्यूपीएसकेचे 2 बिट स्वीकारावयाचे. संकेत क्षीण का होतो, या प्रश्नाला विद्यार्थी बहुधा 'पावसामुळे' असे उत्तर देतात. 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांत ते योग्य आहे. परंतु 2005 मध्ये परवानामुक्त झालेल्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही किलोमीटरांवर पावसाचा परिणाम नगण्य असतो.

मीरा-भाईंदरचा भूगोल येथे अधिक बोलका आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा किनारा, मध्ये मिठागरांचा सपाट पट्टा. समजा, खाडीवरून तिरका जाणारा 6 किलोमीटरचा दुवा आहे आणि दोन्ही अँटेना भरतीच्या पाण्यापासून 20 मीटर उंच आहेत. सरळ आलेला आणि पाण्यावरून परावर्तित झालेला तरंग यांच्या मार्गांत सुमारे 13 सेंटिमीटरचा फरक पडतो. उधाणाच्या ओहोटीला पाणी 4 मीटर खाली गेले की तोच फरक 19 सेंटिमीटर होतो. 2.4 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 12.5 सेंटिमीटर, म्हणजे बदल जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीचा. सकाळी परस्परांना छेद देणारे तरंग दुपारी परस्परांना बळ देऊ शकतात. दुपारच्या तासाभराच्या चाचणीवर 'दुवा उत्तम' असा शेरा मारणाऱ्या अभियंत्याने त्या दिवशीचे भरतीचे कोष्टक पाहिलेले असते का, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

आता सिरियल पोर्टकडे वळू. 1979 मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणलेला मॉडबस आजही जलमापनाच्या यंत्रणांत आढळतो. त्याचे 255 बाइटांचे उत्तर 9600 बॉडच्या तारेवरून जाण्यास सुमारे 266 मिलिसेकंद लागतात. रेडिओने पूर्ण संदेश घेऊन मगच तो पुढे पाठवला, तर दोन्ही टोकांचे मिळून 532. सेकंदास 16,000 प्रतीके पाठवणाऱ्या रेडिओत हाच संदेश हवेतून जाण्यास 64-क्यूएएमने 21, तर क्यूपीएसकेने 64 मिलिसेकंद लागतात. ज्या वेगासाठी अनुकूली मॉड्युलेशनची शिफारस होते, तो वेग या ठिकाणी तारेच्या तुलनेत किरकोळ ठरतो. (एकाच वाहिनीवर अनेक केंद्रे असतील तर गोष्ट वेगळी.) त्याचा खरा लाभ दुवा तुटत नाही हा आहे. मात्र पायरी बदलण्याच्या सीमारेषेवर संदेश बिघडून फेरपाठवणी होऊ लागली की विलंब काही पटींनी वाढतो. नियंत्रकाची प्रतीक्षामर्यादा 64-क्यूएएमवर मोजून 600 मिलिसेकंद ठेवलेली असेल, तर ती ओलांडली जाते.

मग काय होते? नुसती नोंद चुकली तर ते परवडते. परंतु मॉडबसच्या सिरियल रूपात प्रश्नाला क्रमांक नसतो. उशिरा आलेले उत्तर पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वीकारले जाऊ शकते. केंद्र तेच, लांबी तीच, तपासणी-बेरीजही अचूक. एकाच केंद्रातील भूमिगत टाकीची पातळी उंच जलकुंभाच्या नावे नोंदली जाईल आणि पंप त्यावर विसंबून चालू अथवा बंद होईल. शहाड-टेमघर आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या दूरच्या पाण्यावर अवलंबून राहिलेल्या शहरात असा आकडा क्षुल्लक मानता येत नाही.

म्हणून प्रतीक्षामर्यादा सर्वांत खालच्या पायरीवर, अनुमत फेरपाठवण्या धरून काढावी आणि रेडिओच्या फेरपाठवणीलाही कालमर्यादा घालावी. दोन्ही उपकरणांना झेपत असल्यास बॉड 38,400 करावा. तारेवरचा वेळ चौथाई होतो. प्रयोगशाळेत दोन रेडिओ, त्यांच्यामध्ये कमी-जास्त करता येणारा क्षीणक आणि दोन संगणक एवढ्यावर हा संपूर्ण बिघाड एका प्रात्यक्षिकात घडवून दाखवता येतो. प्रात्यक्षिक कोणत्या विषयाच्या खाती टाकावे, यावर मात्र विभागांत मतभेद होतील.