चौकोन, बाण आणि राहून गेलेलं कारण

पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या किल्ल्यांवरच्या 1635 च्या ग्रंथात वसईचाही नकाशा आहे. चित्रं पेद्रो बारेतो द रेझेंदेची, मजकूर अंतोनियो बोकारोचा. तट, बुरूज आणि वस्ती चित्रात. शिबंदी, तोफा, जमाखर्च शब्दांत. कामाची ही वाटणी सॉफ्टवेअरवाल्यांना अजून नीट जमलेली नाही.

आमच्या वसई-विरारमधल्या अभियांत्रिकीच्या मुलांचं ‘ब्लॅक बुक’, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल, उघडून पाहा. यूज केस, क्लास, सिक्वेन्स, डीएफडी (डेटा फ्लो डायग्राम), सगळ्या आकृत्या हजर. आणि बहुतेक सगळं कोड चालू झाल्यावर, बाइंडिंगला टाकायच्या घाईत काढलेलं. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी 1947 मध्ये रूढ केलेल्या फ्लोचार्टबद्दल फ्रेड ब्रूक्सने 1975 मध्ये हेच म्हटलं होतं: सक्ती असते तिथे तो प्रोग्राम लिहून झाल्यावर काढला जातो.

मग 1997 मध्ये यूएमएल ही सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची भाषा प्रमाण ठरली. आकृत्यांचे प्रकार वाढत चौदावर गेले. मारियन पेट्रे यांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलाखती घेतलेल्या 50 सॉफ्टवेअर व्यावसायिकांपैकी 35 जण यूएमएल अजिबात वापरत नव्हते. फळ्यावर चौकोन-बाण मात्र सगळीकडे निघतात, आणि बैठक संपली की पुसले जातात. त्यात काही बिघडत नाही. ते बोलण्यासाठीच असतात.

याच्या अगदी उलट वाट पुण्यात चोखाळली गेली. टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रातून आलेल्या ‘मास्टरक्राफ्ट’मध्ये मॉडेल हेच मूळ, कोड त्यातून तयार होणारा. आकृती शिळी होण्याचा प्रश्नच मिटला. पण मॉडेलमधून कोड काढायचा तर त्यात कोडाइतकेच बारकावे भरावे लागतात, आणि एका नजरेत समजणं हा आकृतीचा मोठा गुण तिथेच हरवतो.

हल्ली मर्मेडसारख्या साधनांत आकृती मजकूर म्हणूनच लिहितात. फेब्रुवारी 2022 पासून गिटहब ती थेट चित्ररूपात दाखवतं. कोड बदलताना त्याच बदलात आकृतीही तपासली जाते, हा फायदा खरा. चौकोन वाढले की बाणांचा गुंता होतो, तेही खरं. सायमन ब्राउनच्या सी-फोर पद्धतीत संपूर्ण यंत्रणेपासून कोडापर्यंत उतरणाऱ्या आकृत्यांच्या चार पातळ्या आहेत. माझ्या मते वरच्या दोन ठेवाव्यात आणि खालचं कोडावर सोडावं.

सिक्वेन्स डायग्रामला मात्र पर्याय नाही. तिकिटाचे पैसे खात्यातून गेले, बँकेचा निरोप उशिरा आला, तोवर प्रवाशाने पुन्हा बटण दाबलं; आता तिकिटं किती निघणार? कोणाचा निरोप आधी, कोण किती वेळ थांबणार, दुसरी विनंती कुठे अडवायची, हे परिच्छेदात वाचताना डोकं गरगरतं. चार उभ्या रेषा आखल्या की चूक कुठे होईल ते बोट ठेवून दाखवता येतं.

पण बँक आणि तिकीटयंत्रणा थेट न जोडता मध्ये निरोपांची रांग का ठेवली, ते त्या रेषा सांगत नाहीत. मायकेल नायगार्डने 2011 मध्ये सुचवलेली निर्णयनोंद इथे कामी येते: परिस्थिती काय होती, काय ठरलं, परिणाम काय. पान-दोन पानांचा मजकूर. नाकारलेला पर्याय दाखवणारं चिन्ह यूएमएलच्या चौदा प्रकारांपैकी एकातही नाही.