'अश्विनी ये ना' : परक्या जिभेवरचे मराठी आर्जव

सचिन पिळगांवकर यांच्या 'गंमत जंमत' (1987) मधील 'अश्विनी ये ना' हे युगुलगीत आपण 'किशोरकुमारचे मराठी गाणे' एवढ्या ओळखीवर सोडून देतो. हिंदीची नक्कल, असा शेराही सहज मारला जातो. मला तो मान्य नाही.

किशोरकुमारला जड जातील म्हणून 'ळ' आणि 'च' असलेले शब्द टाळून गाणे लिहिले गेले, अशी हकीगत सांगतात. ती खरी मानली तरी तिने फारसे उलगडत नाही. दंततालव्य उच्चाराची अडचण 'च'पुरती नाही. शांताराम नांदगावकरांच्या मुखड्यातच 'जगू' हा शब्द आहे, आणि त्यातला 'ज' हिंदीतला नव्हे. शिवाय मराठी प्रेमगीत 'तुझा-माझा' टाळून जाणार कुठे?

आणि परके तरी कोणाला म्हणायचे? किशोरकुमार खांडव्यात वाढलेला बंगाली. अनुराधा पौडवाल कारवारच्या, कोकणी घरातल्या नाडकर्णी. संगीतकार अरुण पौडवाल सचिनदेव बर्मन यांचे सहायक होते. म्हणजे बंगाली धागा गायकाच्या आधीच चालीच्या घरात आलेला होता.

हेमंतकुमारांनी लताबाईंबरोबर 'मी डोलकर' आणि आशाबाईंबरोबर 'गोमू संगतीनं' गायले, तेव्हा त्यांच्या आवाजाला कोळीगीताच्या पेहरावाचा आडोसा होता. किशोरला तो नाही. त्याचा प्रियकर शहरी आहे, आणि तो थेट नावाने हाक मारतो. आपल्या भावगीतातला प्रियकर चंद्र, वारा, पाऊस यांना मध्ये घालतो. नावाने साद क्वचितच देतो. 'या' नव्हे, 'ये': ओळखीच्या आधीच सलगी. मग 'ना' लावून केलेली मनधरणी. हा 'ना' हिंदीतही तेच काम करतो, म्हणून तो किशोरच्या जिभेवर पाहुणा वाटत नाही. माझ्या भिंगारच्या छावणीत नाना प्रांतांचे लोक असेच मोडके मराठी बोलतात. व्याकरण चुकते, आर्जव चुकत नाही.

पडद्यावर चाळिशीचे अशोक सराफ, आवाज सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा. तरी नव्याने प्रेमात पडलेल्याचा बावळट आनंद त्यात पुरेपूर आहे. विनवणी केविलवाणी होत नाही, कारण गाणारा स्वतःलाच हसतो आहे. मराठी प्रेमगीतात हे हसू दुर्मीळ होते.

उणीव आहे ती दुसऱ्या आवाजाच्या वाट्याला. चारुशीला साबळे या शाहीर साबळ्यांच्या कन्या, लोककलेचा ठसका घरचाच. पण त्यांच्यासाठी अनुराधाबाईंना मिळालेली कडवी हिंदी चित्रपटातल्या ठरीव गुलाबी शब्दांवर भागवतात. मुखडा त्याचा, खोडी त्याची. तिच्याकडे फक्त गोडवा. नाव तिचे घेऊन सुरू झालेल्या गाण्यात तिने त्याला एकदाही थट्टेने अडवू नये, हे खटकते.