साध्वी प्रहेलिका आणि इंग्रजी कूट-शब्दकोडे : श्लेषाच्या न्यायाचा प्रश्न

एडवर्ड पॉविस मॅथर्स हे नाव तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे, ते 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' (१९१९) या बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'च्या मुक्त इंग्रजी रूपांतरामुळे. हेच मॅथर्स १९२६ पासून १९३९ मधील मृत्यूपर्यंत लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या वृत्तपत्रासाठी 'टॉर्क्वेमाडा' या टोपणनावाने शब्दकोडी रचत होते. शब्दाचा सरळ अर्थ विचारण्याची पद्धत सोडून श्लेष आणि अक्षरखेळ यांवर उभारलेले 'क्रिप्टिक', म्हणजे कूट, शब्दकोडे रूढ करण्यात त्यांचा वाटा मोठा होता. या दोन उद्योगांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु या निमित्ताने एक प्रश्न उपस्थित होतो : संस्कृत अलंकारशास्त्राने प्रहेलिकेची जी चिकित्सा केली, तिच्या आधारे या इंग्रजी रचनाप्रकाराचे मूल्यमापन करता येईल काय?

कूट-शब्दकोड्यातील प्रत्येक 'क्लू' वरवर पाहता एक साधे विधान असते. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग असतात : एक भाग उत्तराचा अर्थ देतो आणि दुसरा ते उत्तर कोणत्या अक्षरांतून घडते ते सांगतो. सांधा कोठे आहे, हे मात्र लपवलेले असते. या प्रकारातील एका प्रसिद्ध क्लूमध्ये 'एच'पासून 'ओ'पर्यंतची आठ रोमन अक्षरे तेवढी दिलेली असतात. उत्तर आहे 'वॉटर'. 'एच टू ओ' हे शब्द अक्षरांची व्याप्तीही सांगतात आणि पाण्याचे रासायनिक सूत्रही. चमत्कृती निर्विवाद आहे. तथापि यात अर्थ देणारा भाग मुळीच नाही. ही रचना न्याय्य म्हणावी काय?

या प्रश्नाचे उत्तर टॉर्क्वेमाडानंतरच्या पिढीने दिले. 'आफ्रित' या नावाने लिहिणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये असे बंधन घातले की, कोडेकाराचे शब्द त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ सुचवू शकतात, पण अभिप्रेत अर्थ त्याच शब्दांतून काटेकोरपणे निघालाच पाहिजे. 'झिमेनीझ' या नावाने 'ऑब्झर्व्हर'मध्ये टॉर्क्वेमाडांची जागा घेणारे डी. एस. मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात या बंधनाचे शास्त्र केले : अचूक अर्थ, न्याय्य शब्दखेळ आणि याखेरीज एकही शब्द अधिक नाही.

दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात नेमका हाच भेद केलेला आहे. पूर्वाचार्यांनी सोळा प्रहेलिका सांगितल्या आणि चौदा दुष्ट प्रहेलिकाही सांगितल्या, असे नमूद करून, दोष अगणित असल्यामुळे आपण केवळ साध्वी प्रहेलिकांचेच वर्णन करू, असे तो म्हणतो. मात्र क्रीडागोष्ठीबरोबरच गर्दीत गुप्त बोलणे आणि दुसऱ्याला भुलवणे हेही प्रहेलिकेचे उपयोग त्याला मान्य आहेत. म्हणजे दंडीची साध्वी प्रहेलिका लक्षणाने शुद्ध ठरते. मॅकनट यांचा क्लू उकलणाऱ्याशी केलेल्या कराराने. एकात निकष रचनेत आहे, दुसऱ्यात रचनाकार आणि वाचक यांच्या नात्यात.

दुसरा भेद लिपीचा आहे. इंग्रजी क्लूमध्ये 'फ्लॉवर' हा फुलाचा शब्द 'फ्लो-अर', म्हणजे वाहणारी नदी, या अर्थाने योजण्याची प्रथा आहे. रोमन लिपीत दोन्ही शब्द एकरूप दिसतात. देवनागरीत लिहिताच ते वेगळे होतात. हा श्लेष उच्चार आणि लेखन यांतील अंतरावर जगतो. शिवाय मराठी कोड्याच्या चौकटीत रोमनसारखा सुटा वर्ण नसून अक्षर असते. सात भिन्न रोमन अक्षरांचे ५०४० क्रम होतात, तीन देवनागरी अक्षरांचे फक्त सहा. त्यामुळे अक्षरांची उलथापालथ, जी इंग्रजी क्लूचे मुख्य साधन आहे, ती मराठीत दुबळी पडते. सामान्यरूपाचीही अडचण आहे : 'दिवा' उलटवायचा तर 'दिव्याला' म्हणताच मूळ अक्षरे बदलतात.

यावरून मराठीत असा प्रकार अशक्य आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. 'पणतीपाठोपाठ सरकारी वसुली, तरी आकाशात तळपणारा' (४ अक्षरे) या क्लूचे उत्तर 'दिवाकर' असे येते. व्युत्पत्तीने 'दिवा' म्हणजे दिवसा आणि 'कर' म्हणजे करणारा. क्लू शब्द त्याच सांध्यावर तोडतो, पण दोन्ही तुकड्यांना मराठीतले वेगळे अर्थ देतो. हा सभंग श्लेषच होय. निरोष्ठरामायण रचणाऱ्या मोरोपंतांच्या भाषेला ही शिस्त परकी नाही.

तिसरा आणि निर्णायक भेद स्पष्टीकरणाचा आहे. शास्त्राप्रमाणे व्याख्येवाचून न कळणारे काव्य केवळ बुद्धिमंतांचा उत्सव ठरते, हा भामहाचा आक्षेप आहे. रसाला विघ्न आणते म्हणून प्रहेलिका अलंकारच नव्हे, हा विश्वनाथाचा निर्णय. काव्यातील श्लेषात दोन्ही अर्थ टिकतात. क्लूमध्ये उकल होताच वरवरचा अर्थ टाकून दिला जातो. पणती आणि वसुली यांचे पुढे काहीच उरत नाही. बहुसंख्य क्लूंना हे दोन्ही आक्षेप लागू पडतात, हे मान्य केले पाहिजे.

परंतु एक वर्ग यातून सुटतो. संपूर्ण वाक्य एकाच वेळी अर्थही देते आणि शब्दखेळही करते, अशा रचनेला मॅकनट यांनी 'अँड लिट.' म्हटले. 'नदी उलटली, गरीब' हा साधा क्लू आहे : 'नदी' उलट वाचली की 'दीन'. हाच क्लू 'नदी उलटली, की असे होणे आले' असा लिहिला तर अर्थाचा भाग वेगळा काढता येत नाही. अक्षरे उलटून 'दीन' हा शब्द मिळतो आणि पूर उलटून काठचा माणूस दीन होतो. उकल झाल्यावरही वाक्य रिकामे होत नाही. उलट करुणाची एक रेषा उकलीनंतरच उमटते. येथे स्पष्टीकरण रसाचे विघ्न न राहता त्याचे द्वार बनते. विश्वनाथाचा निर्णय प्रहेलिकेच्या संपूर्ण जातीला लावण्याऐवजी, उकलीनंतर काय शिल्लक राहते या निकषावर प्रत्येक रचनेपुरता तपासावा, एवढे तरी या तुलनेतून निष्पन्न होते.