‘सिंहासन’: पाहणारे आणि विचारणारे

अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी १९७९ साली निर्मिलेला ‘सिंहासन’ आजही शिळा वाटत नाही, ही त्याची थोरवी आणि आपले दुर्दैव. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी डिकास्टा, साऱ्यांचे डाव पत्रकार दिगू टिपणीस पाहतो आणि पाहता पाहता खचतो. मात्र या पटात मतदार जवळजवळ नाहीच. सत्ताधाऱ्यांवर संशय घेणे हे नागरिकाचे कर्तव्यच. लोकशाहीवरचीच श्रद्धा गमावणे हा मात्र सत्ताधाऱ्यांचा विजय होय. हा भेद चित्रपट उकलून दाखवीत नाही. ग्रामसभेने आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्या हाती दिला आहे. तो बजावला, तरच विश्वास परतेल. दिगूची व्यथा खरी. पण नुसते पाहत राहणे आपल्याला परवडणारे नाही.