अधिष्ठात्याला जाब कशाचा विचारायचा?

कांटच्या नीतिविचारातलं एक तत्त्व आपल्याला ठाऊक आहे. एखादी गोष्ट कुणाचं कर्तव्य म्हणायची, तर ती करणं त्याला शक्य असायला हवं. आज हे तत्त्व आपण आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना लावून पाहू.

ऑक्टोबर २०२३ आठवा. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकं होती. आपल्या घाटीतल्या मृत्यूंचीही चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच दिवसांत हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी नांदेडच्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. अनेकांना वाटलं, बरं झालं, कुणीतरी जाब विचारला. आम्ही याला जाब विचारणं म्हणत नाही. माणसाचा अपमान झाला, प्रश्न होता तिथेच राहिला.

अधिष्ठात्याच्या हातात असतं काय? कायम प्राध्यापकांची निवड लोकसेवा आयोगामार्फत, बदल्या मंत्रालयातून. औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली. ती रखडते अशी ओरड झाली, तेव्हा २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा आला. स्थानिक खरेदीची मुभा आहे, पण मर्यादित. म्हणजे खुर्ची इथे आणि किल्ली मुंबईत. अशा ठिकाणी अधिष्ठाता बदलला की नेतृत्व बदललं, असं मानणं ही आपण आपलीच केलेली फसवणूक आहे.

पण हे तत्त्व दुधारी आहे बरं का! ‘आम्हाला अधिकारच नाहीत’ ही ढालही होऊ शकते. रुग्ण का दगावला याची प्रत्येक विभागात मोकळी चर्चा करणं, कोणतं औषध संपलंय ते रोज फलकावर लिहिणं, निवासी डॉक्टरांचं ऐकून घेणं, याला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. जे शक्य होतं आणि केलं नाही, त्याचा जाब विचारलाच पाहिजे.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. अधिष्ठात्याला निश्चित मुदत द्या, खरेदीचे आणि भरतीचे पुरेसे अधिकार द्या, आणि मग दरवर्षी लोकांसमोर हिशेब मागा. १९५६ साली सुरू झालेल्या घाटीत आजही जालना, बीड, परभणीकडून माणसं शेवटची आशा म्हणून येतात. त्यांना कुणी ‘औषध बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी दिली, तर त्यांनी विचारायचं कुणाला, एवढं तरी ठरलेलं असावं.

आता आपले प्रश्न घेऊ.