सर्दीवरचे दूध आणि वयाचा हिशेब

दह्यातील उपयुक्त जीवाणूंमुळे मुलांचा सर्दी-खोकला टळतो, असे विधान आपण अनेकदा ऐकतो. त्याला आधार म्हणून हेलसिंकीतील एका प्रयोगाचा दाखला दिला जातो. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आपण बारकाईने तपासून पाहू.

१८ पाळणाघरांतील १ ते ६ वर्षे वयाची ५७१ निरोगी मुले यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दैवगतीने त्यांची विभागणी केली होती. एका गटाला लॅक्टोबॅसिलस जीजी हे जीवाणू मिसळलेले दूध सात महिने दिले, दुसऱ्याला तसेच दिसणारे साधे दूध. कोणाला कोणते दूध मिळते हे मुलांना वा संशोधकांनाही माहीत नव्हते. वालिओ या डेअरी कंपनीचे संशोधक प्रयोगात होते. तरी आखणी चांगली होती, हे मान्य केले पाहिजे.

निष्कर्ष काय निघाला? आजारपणामुळे बुडालेले दिवस जीवाणूंच्या गटात सरासरी ४.९, तर दुसऱ्या गटात ५.८. म्हणजे १६ टक्के घट. दाखला देणारे बहुधा इथेच थांबतात. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

लहान मुले जास्त आजारी पडतात. चिठ्ठ्यांनी विभागणी केली, तरी गटांचे सरासरी वय तंतोतंत जुळले नाही. जीवाणूंच्या गटात ते ४.६ वर्षे होते, दुसऱ्यात ४.४. हा फरक लक्षात घेऊन संशोधकांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा ५.१ आणि ५.७ दिवस असे आकडे आले. घट ११ टक्क्यांवर आली. दुधाचा काहीही परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात नऊ होती. रूढ संकेतानुसार ती पाचांहून कमी हवी. संशोधकांनी हे लपवले नाही. परिणाम माफक आहे असेच त्यांनी लिहिले. दोष आहे तो अर्धेच वाचणाऱ्यांचा.

दुसरी गोष्ट. ते दही नव्हतेच. दुधात एक विशिष्ट वाण मिसळलेला होता. आपल्या विरजणात कोणते वाण आहेत, हे घरोघरी वेगळे. एका वाणाचा गुण दुसऱ्याच्या नावावर मांडता येत नाही.

जाहिरातींवर यामुळेच अंकुश लागला. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या समझोत्यात डॅनन कंपनीने 'डॅनअ‍ॅक्टिव्ह' पेयाने सर्दी व फ्लू टळतो हा दावा सोडून देण्याचे मान्य केले. तरी हा विषय निकालात निघालेला नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार प्रोबायोटिकमुळे असे संसर्ग काहीसे कमी होत असावेत. मात्र पुरावा कमी ते मध्यम खात्रीचा आहे.

हा विषय वर्गात असा घेता येईल. शाळेच्या हजेरीपटावरून पहिली आणि चौथीच्या मुलांचे आजारपणात बुडालेले दिवस मोजायला सांगा. मग विचारा : पहिलीला साधे दूध आणि चौथीला जीवाणूंचे दूध दिले असते, तर श्रेय कोणाला मिळाले असते? दही मुलांनी आवडीने खावे. त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम ही त्यासाठी पुरेशी कारणे आहेत.