‘द बेल्स ऑफ डब्लिन’ : नाताळसंगीतातील कथनरूप

आयर्लंडच्या लोकपरंपरेत हिवाळा हा कथाकथनाचा ऋतू होय. दीर्घ रात्री शेकोटीभोवती कथा आणि संगीत एकत्र नांदत. पॅडी मलोनी यांच्या नेतृत्वाखालील ‘द चीफटन्स’ या वाद्यवृंदाचा ‘द बेल्स ऑफ डब्लिन’ (१९९१) हा नाताळविषयक ध्वनिसंग्रह या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

संग्रहातील एल्विस कॉस्टेलो, जॅक्सन ब्राऊन, मारियान फेथफुल आदी पाहुण्या गायकांची गीते वेधक आहेत. तथापि ती सुटी वाटतात. याउलट ‘रेन’ या चिमुकल्या पक्ष्याशी निगडित रचनामालिका एकसंध आहे. २६ डिसेंबर रोजी, सेंट स्टीफन दिनी, सोंगे घेतलेली मुले पूर्वी मारलेला रेन पक्षी फांदीवर मिरवीत दारोदार गात, नाचत आणि पैसे मागत. मालिकेत आगमन, नृत्य-गायन व निरोप हा क्रम राखला आहे. त्यामुळे गायन-वादनातूनच कथा उलगडते. संग्रहाचे खरे यश येथे आहे.

मर्यादाही येथेच स्पष्ट होते. मूळ प्रथेत घरधनी केवळ श्रोता नसतो. तो दार उघडतो, दान देतो. ध्वनिमुद्रणाचा श्रोता मात्र कोणाचेही देणे लागत नाही. केरी काउंटीतील डिंगल गावी ही मिरवणूक आजही निघते. तेथे पाहणाराही त्या कथेतील पात्र ठरतो. सारांश, या संग्रहाने परंपरेचा क्रम जपला आहे. तिच्यातील देवघेव मात्र ध्वनिमुद्रणात उतरू शकलेली नाही.